दोघींची एक चूल

आत्याने बावीस वर्षं जहाजांशी वायरलेसवर बोलण्यात घालवली होती. तिचं यंत्र कपाटाएवढं असे आणि नीट तापेपर्यंत त्याचा सूर जागेवर बसत नसे. आज भाचीने तिला प्रयोगशाळेत नेऊन मोहरीच्या दाण्याएवढा चिपचा तुकडा दाखवला.

"एवढंसं?"

"एवढंसंच. यावर दोन लेझरचे उजेड पाडायचे, रंगात अगदी किंचित फरक असलेले. त्या फरकातून रेडिओलहरी निघतात. तुझ्या यंत्राच्या हजारो पट वेगाने थरथरणाऱ्या!"

"उजेडातून वायरलेस!" आत्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "धन्य आहे गं तुमची."

"धन्य कसली? बारा वाजता तपासनीस येणार. दहा मिनिटं लहर स्थिर राहिली नाही, तर ही खोली दुसऱ्या गटाला. माझी चार वर्षं पाण्यात."

भिंतीजवळचा रिसीव्हर त्या लहरी कानाला ऐकू येतील इतक्या खाली उतरवून शिट्टी वाजवत होता. शिट्टी सारखी घसरत होती.

"सकाळपासून नाचतेय. एकेकटे तपासले तर दोन्ही लेझर गुणी बाळं!"

आत्याने डोळे मिटले. मानेला गार वारा लागला की मागोमाग शिट्टी चढे. वारा थांबला की उतरे. तिने डोळे उघडले. छताजवळच्या झडपेतला वारा नेमका एका लेझरवर येत होता. दुसरा टेबलाच्या पार त्या टोकाला, वेगळ्या धातूच्या ठोकळ्यावर.

"यांना वेगळ्या चुली कुणी मांडून दिल्या?"

"काय?"

"एक गारठते, दुसरी उबेत बसते. अंतर पडणारच. एका ठोकळ्यावर बसव दोघींना. गारठल्या तर दोघी, तापल्या तर दोघी."

भाची बघतच राहिली. "म्हणजे सरकल्या तरी जोडीने... फरक तेवढाच! अगं, एकीची झळ दुसरीला नको म्हणून मीच लांब ठेवल्या."

"तुझ्या आईनेही हेच म्हणून माझ्यापासून वेगळी चूल मांडली होती."

"सांगू तिला?"

"खुशाल सांग. आधी स्क्रू काढ."

दुसरा लेझर पहिल्याच्या ठोकळ्यावर बसवताना केसाएवढ्या काचतंतूंमधून भाचीची बोटं अशी फिरली की आत्या श्वास घ्यायची विसरली.

तपासनीस आले, घड्याळ लावून बसले. नवव्या मिनिटाला झडपेतून वारा सुटला. भाचीने ओठ आवळले. शिट्टी तसूभर हलली नाही.

तपासनिसांनी फाइल मिटली. "खोली तुमचीच."

भाची आत्याकडे वळली. आत्याने वायरलेसवरच्या जुन्या सवयीने शिट्टीकडे मान कलती करून म्हटलं, "स्पष्ट ऐकू येतंय. पुढे बोला."