‘भांडण’ नावाचं फोल्डर

मी एक जुना संगणक बोलतोय. दचकू नका, बोलण्याची मला सवय आहे. माझ्या घरात दुसऱ्या कुणाच्या तरी वतीने बोलणं हेच माझं काम होतं. स्वतःबद्दल मात्र आज पहिल्यांदाच तोंड उघडतोय.

माझा जन्म मोठ्या कारखान्यातला नाही. एका दुकानाच्या मागच्या खोलीत, स्क्रू ओठांत धरून काम करणाऱ्या एका माणसाने मला जुळवलं. पेटी एकीकडची, पडदा दुसरीकडचा, कीबोर्ड कुठूनतरी उरलेला. पहिल्यांदा वीज आली, पडद्यावर हिरवी टेकडी उगवली, आणि तो माणूस म्हणाला, “चला, जीव आला!” जीव म्हणजे काय, हे कुतूहल मला तेव्हापासूनच आहे.

माझी पहिली नोकरी बसस्थानकाच्या चौकशी खोलीत. माझ्या शेजारी एक माइक होता आणि माइकसमोर एक बाई. गाड्यांची घोषणा तीच करायची. तिचा आवाज असा की गाडी चुकलेला माणूसही क्षणभर थांबून ऐकायचा. मंडईत, बाजारात कुठे ती नुसती “वांगी कशी दिली?” म्हणाली, तरी लोक वळून बघायचे आणि नकळत पिशव्या उचलायचे.

पुढे स्थानकात नवे संगणक आले आणि मला अडगळीत टाकायचं ठरलं. बाई म्हणाली, “याला मी नेते. माझ्या शेजारी बसून बसून निम्म्या घोषणा यालाच पाठ झाल्या असतील.” अशा रीतीने मी तिच्या घरी आलो.

घर लहानसं. पुढच्या खोलीत तिच्या नवऱ्याचं कुलपांचं दुकान, मागे दोन खोल्या. नवरा म्हणजे कुलूपवाला, मितभाषी माणूस. दिवसभर कानशीने किल्ल्या घासायचा आणि मागून बायकोचं बोलणं ऐकत राहायचा. तिच्या दहा वाक्यांना त्याचा एक हुंकार, असा त्यांचा संसार छान चालला होता.

मग बाईचा घसा बसला, तो बसलाच. औषधं झाली, तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

ऑपरेशनच्या आधीचे दिवस ती माझ्यासमोर बसून होती. घसा खरखरत होता, पण आवाज तिचाच होता. माइक लावायची आणि एकेक वाक्य बोलून माझ्यात साठवायची. “आधी हात धुवा.” “अहो, फोन वाजतोय.” “मला आज बरं वाटत नाहीये.” प्रत्येक प्रकाराचं वेगळं फोल्डर: ‘घर’, ‘दुकान’, ‘दवाखाना’. शेवटी एक ‘भांडण’. नवरा म्हणाला, “हे कशाला?”

“म्हणजे काय? वाचा गेली म्हणून तुम्हाला मोकळं सोडू?”

माणसं इतकं काय काय बोलतात, आणि त्यातलं पुढे काय लागेल हे कसं ठरवतात, याचं मला फार नवल वाटलं. तिने “धन्यवाद” एकदाच बोलून ठेवलं, आणि “ऐकताय ना?” मात्र चांगलं पाचसहा सुरांत.

ऑपरेशननंतर आम्ही दोघांनी मिळून बोलायला सुरुवात केली. ती फोल्डर उघडायची, वाक्य निवडायची, मी बोलायचो. भांडण झालं की ती ठसक्यात कळ दाबायची आणि मी तिच्या आवाजात म्हणायचो, “मी तुमच्याशी आता बोलणार नाही.” कुलूपवाल्याला हसू आवरायचं नाही. मग भांडण कुठलं टिकायला!

एक दिवस तो दुकानाची नवी पाटी छापून घ्यायला निघाला. मजकूर माझ्याकडून पेनड्राइव्हवर घेतला आणि छपाईच्या दुकानात नेला. तिथल्या यंत्राला दिवसभर सतराशे साठ लोकांचे पेनड्राइव्ह लागायचे. परत येऊन त्याने तो पुन्हा मला लावला. माझ्या पिढीच्या संगणकांचा स्वभाव भोळा. पेनड्राइव्ह लागला आणि त्यात ‘मला चालव’ असा हुकूम सापडला, की आम्ही तो मुकाट पाळायचो. तसाच तो आत आला. व्हायरस.

मला वाटलं होतं, व्हायरस म्हणजे दरोडेखोर असेल. पण याने काहीच नेलं नाही. त्याने माझ्यातल्या प्रत्येक फोल्डरवर ‘लपलेलं’ अशी खूण मारली आणि त्याच्या जागी त्याच नावाचं, तसंच पिवळं, खोटं फोल्डर उभं केलं. त्या खोट्यावर कुणी टिचकी मारली की हाच पुन्हा नव्याने जागा. लपलेलं दाखवण्याची सोय जिथे असते, तो पर्यायही त्याने यादीतून काढून टाकला. चाललेली कामं बघण्याची खिडकी उघडायला गेलं, तर पडद्यावर उत्तर: परवानगी नाही. माझ्याच घरात मला परवानगी नाही! हे सगळं तो कशासाठी करत होता, ते मला आजही उमगलेलं नाही. त्याला बाईचा राग नव्हता, आवाज नको होता, काहीच नको होतं.

सकाळी बाईने ‘घर’ उघडलं. काही नाही. ‘दुकान’ उघडलं. काही नाही. ती एकेका फोल्डरवर टिचक्या मारत राहिली. मग तिने माउस सोडला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली. माझ्या आत तिचं प्रत्येक वाक्य जागच्या जागी होतं. ते सांगायला मात्र माझ्याकडे एकही वाक्य नव्हतं.

कुलूपवाल्याने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि मान हलवली. “काका, व्हायरस आहे. जुनी सिस्टिम, हिला आता औषधही मिळत नाही. फॉरमॅट मारतो, घोड्यासारखा पळेल.”

“आणि आतलं?”

“आतलं गेलंच की.”

“गेलं हे तुम्ही बघितलं, की दिसत नाही म्हणून म्हणताय?”

दुरुस्तीवाला माणूस वाईट नव्हता. खिशात आणखी गिऱ्हाइकांचे फोन वाजत होते, तरी तो थबकला. कुलूपवाला म्हणाला, “माझ्याकडे लोक येतात, किल्ली हरवली म्हणून. मी काय लगेच दार जाळायला सांगतो?”

“बरं, राहू दे. पण तोवर हा चालू ठेवू नका. आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कुठेही लावू नका,” असं बजावून तो गेला.

बाईने हाताशी ठेवलेल्या दगडी पाटीवर खडूने लिहिलं: वन्संना बोलवा.

वन्सं म्हणजे तिची धाकटी नणंद. एका मोठ्या कचेरीतले संगणक सांभाळणं हीच तिची नोकरी. ती रविवारी आली ती पदर खोचूनच. आल्या आल्या तिने माझी इंटरनेटची वायर उपटली. “आधी दारं-खिडक्या बंद. दादा, त्या फोल्डरांना आता कुणी हात लावायचा नाही.”

तिने मला चालू केलं, पण फोल्डर उघडलंच नाही. माझी डिस्क किती भरली आहे, तेवढंच पाहिलं. मग खुर्ची मागे ढकलून म्हणाली, “वहिनी, फोल्डर सगळी रिकामी, आणि डिस्क मात्र पहिल्यासारखीच भरलेली. रिकाम्या घरात एवढं सामान कसं?”

बाई ताडकन उठून उभी राहिली.

“बस, बस. आहे म्हटलं, मिळालं नाही म्हटलं अजून.”

तिने मला बंद केलं आणि पुन्हा सुरू होताना वरच्या ओळीतली एक कळ दाबत राहिली. त्याला सेफ मोड म्हणतात. त्यात मी अर्धवट जागा होतो, अगदी गरजेपुरता. माझ्याबरोबर जागं व्हायची व्हायरसची सवय, पण या वेळी त्याला हाकच मारली गेली नाही. सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत नणंदेला एक नाव सापडलं. दिसायला माझ्याच एका प्रामाणिक कामासारखं, फक्त एक अक्षर वेगळं.

“हा बघ चोर! मिश्या लावून आलाय.”

तिने ते नाव काढलं, ती फाइल काढली, ‘मला चालव’ हा हुकूम काढला. आपल्या स्वच्छ संगणकावर तयार करून आणलेली सीडी घालून मला कानाकोपऱ्यापर्यंत तपासलं. खोटी फोल्डर एकेक करून गळून पडली. बाईने पाटी पुढे केली: मेला का?

“तो जिवंत कधी होता, वहिनी? कुणीतरी लिहिलेली चार ओळींची खोडी आहे ती.”

शेवटी तिने काळी खिडकी उघडून एक ओळ लिहिली. अर्थ एवढाच: व्हायरसने लपवलेल्यांवरची खूण पूस. मी एकेकाची खूण पुसत गेलो. ‘घर’ आलं, ‘दुकान’ आलं, ‘दवाखाना’ आला. बाईने नणंदेच्या हातातून माउस जवळजवळ हिसकावून घेतला, ‘घर’ उघडलं, पहिल्याच वाक्यावर टिचकी मारली.

शांतता. दुसरं वाक्य. शांतताच. कुलूपवाल्याने भिंतीला हात टेकला.

“अहो, थांबा की दोघं! सेफ मोडमध्ये आवाज नसतोच. यात तो गरजेपुरताच जागा होतो. आवाज ही त्याच्या लेखी गरज नाही.”

मला पुन्हा सुरू केलं. हिरवी टेकडी आली. बाईने थेट ‘भांडण’ उघडलं आणि टिचकी मारली.

“मी तुमच्याशी आता बोलणार नाही,” मी खणखणीत म्हणालो.

कुलूपवाला हसता हसता डोळे पुसायला लागला. नणंदही हसली. बाईही हसत होती, पण तिचं हसणं म्हणजे नुसते हलणारे खांदे.

तेवढ्यात नणंद पडद्याकडे वाकली. “हे फिकट फोल्डर कसलं? हे व्हायरसचं नाही, खूप जुनं आहे.”

ते माझ्या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमचं होतं. बिघडलेली, पुसलेली वाक्यं तो टाकून द्यायचा नाही, एका लपलेल्या फोल्डरमध्ये सरकवायचा. लपलेलं सगळं दाखव, असं नणंदेने मला सांगून ठेवलं होतं, म्हणून ते आज पहिल्यांदा कुणाला दिसलं. तिने सहज एकावर टिचकी मारली.

“आधी हात... अहो, तुम्ही समोरून जा बघू! तोंडं काय वेडीवाकडी करताय!” आणि मग हसू. सळसळून, श्वास लागेपर्यंत, मधेच थांबून पुन्हा फुटणारं.

बाईने वाक्यं साठवली होती, पण हसू साठवायचं असतं हे कुणाला सुचणार? तिने स्पीकरवर तळहात ठेवला आणि बोटाने खूण केली: पुन्हा.

आता माझं वय झालंय. त्याच आठवड्यात नणंदेने माझ्यातलं सगळं दोन वेगळ्या डिस्कवर आणि बाईच्या फोनवर उतरवलं. इंटरनेटची वायर मला पुन्हा लागली नाही. मी दुकानाच्या कोपऱ्यात असतो, अधूनमधून किल्ल्यांचे आकडे सांभाळतो. कुणाचा माझ्यासारखा म्हातारा बिघडला, तर एवढंच मागणं आहे: पुसण्याआधी एकदा आत डोकावून बघा. आणि तो धडधाकट असतानाच त्याच्यातलं मोलाचं दुसरीकडेही ठेवा.

तर, निघतो. बोलायचं काम फोन करतो, मी ऐकतो. काल नणंदेने कचेरीतला काहीतरी किस्सा सांगितला. किस्सा संपला, तरी बाई फोनमध्ये हसू शोधत होती. ते सापडायला थोडा वेळ लागतो. पण आता घरातले सगळे तेवढा वेळ थांबतात, आणि मग तिच्याबरोबर हसतात.