कोपऱ्यातला खांब

सुतार वॉल्टर पॉविस गुडघ्यावर बसला आणि खांबाच्या बुडाशी पटाशी टोचली. भिजल्या पावात जावी तशी ती मुठीपर्यंत आत गेली.

"बघा!" तपासणीला आलेले क्रॉफ्टसाहेब म्हणाले. "चारशे वर्षांपूर्वीच्या सुतारांनी ओकचं लाकूड न सुकवता ओलंच चढवलं. मुळातच खोट. घराची पूर्वेची अख्खी बाजू उतरवा, विटांची बांधा."

मालकीणबाई मिसेस लडलो ऐंशीच्या. हातातला चहा तसाच गार होत चालला होता. याच बाजूच्या माडीवर त्यांचा जन्म झालेला.

"वॉल्टर, तू का रे गप्प? एरवी तुझं तोंड मिटता मिटत नाही."

वॉल्टर कसला बोलतोय! बत्तीस वर्षांपूर्वी याच खांबाचं बूड जरासं खराब झालं होतं. तेव्हा त्यानंच ते खरवडून त्यात सिमेंट भरलं, वरून मस्त घोटून काढलं. तेव्हा सगळेच भरायचे. पण सिमेंटमागं पाणी शिरलं की बाहेर पडत नाही, लाकूड आतल्या आत कुजतं. पंचक्रोशीत त्याला जुन्या घरांचा डॉक्टर म्हणत. बोललं तर नाव जाणार, न बोललं तर घराची बाजू.

तो उठला. छातीच्या उंचीवर खांबाला हातोडा हाणला. ठण्ण! वरचं लाकूड शाबूत होतं.

"साहेब, ओक ओलाच चढवतात. सुकताना सांधे आवळतो तो. आणि हे बघा." त्यानं काळा रंग खरवडला. खाली पटाशीनं कोरलेली साताची खूण. "याला जुळणाऱ्या वरच्या तिरक्या दांडीवरही सातच सापडेल. आधी जमिनीवर जुळवलं, खुणा केल्या, मग उभं केलं. त्या लोकांची काही चूक नाही. बुडाशी सिमेंट भरलं ते मी. कुजलेलं हातभर कापा, खाली नवा ओक सांधा. बाकी घराला हात लावू नका."

क्रॉफ्टसाहेब कागद चाळत बसले. मिसेस लडलोंनी कप खाली ठेवला.

"बत्तीस वर्षं माझ्या घरी केक खातोयस, मेल्या!"

"हो, बाईसाहेब."

"बाजू पाडायची नाही. पण सांधा पलीकडच्या गावचा जेंकिन्स करेल."

"जेंकिन्स? त्याला साधं स्टूल नीट जमत नाही!"

"मग शेजारी उभा राहून शिकव. आणि भिंतीचा चुना तू कालवायचास."

वॉल्टरनं टोपी डोक्यावर दाबली. "कधी येऊ?"

"सोमवारी. तुझा चहा तूच घेऊन ये."