सॉसेजचा मसुदा

आमच्या सभांची मला शिसारी आली ती त्या मंगळवारी. त्याआधी बारा वर्षं मी त्यांच्यावर जीव टाकत होतो.

संगणकांनी एकमेकांशी बोलायचं कसं, याचे नियम आम्ही ठरवायचो. हात वर करायचे नाहीत, चिठ्ठ्या टाकायच्या नाहीत. सभा चालवणारी रॉझ विचारायची, "पटलं असेल त्यांनी हुंकार भरा." मग शंभर दाढीवाले तोंड मिटून 'हूंऽऽ' करायचे, आणि कुठल्या बाजूचा आवाज मोठा हे ती कानांनीच ठरवायची. कोण कुठल्या बाजूला ते दिसायचं नाही. आणि याचा आम्हाला कोण अभिमान!

त्या वर्षी मिनेसोटातल्या हॉटेलात नॉर्ब लिंडक्विस्टचा मसुदा सभेपुढे यायचा होता. जोडणी मध्येच तुटली तर अर्धवट पोचलेली पत्रं कशी सांभाळायची, याचा. छप्पन्न वर्षांचा माणूस, तीन वर्षं त्यात घातलेली. मसुदा पडला तर कंपनी त्याला प्रिंटर विकायला पाठवणार होती.

"डेल, तू माझ्या बाजूनं आहेस ना?" त्यानं नाश्त्याला विचारलं.

"हे काय विचारणं झालं?" मी म्हणालो. मसुदा चोख होता. मी ओळन्‌ओळ वाचला होता.

आणि आदल्याच संध्याकाळी आमच्यातल्याच व्हर्नबरोबर बसून मीच त्याची टिंगल लिहिली होती! नॉर्बचाच मसुदा, फक्त पत्राच्या जागी डुकराच्या मांसाचं सॉसेज. अर्धवट खाल्लेलं सॉसेज कुठल्या फ्रिजमध्ये ठेवायचं, किती दिवस, कुणाच्या नावानं. आमच्यात असं लिहिणं म्हणजे प्रेमच. नाश्ता संपता संपता व्हर्ननं प्रती वाटल्या. नॉर्बही वाचून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. "नालायकांनो, माझ्यापेक्षा बरं लिहिलंय की!"

दुपारी रॉझनं विचारलं, "नॉर्बच्या मसुद्याच्या बाजूनं?"

तेवढ्यात मागून व्हर्न ओरडला, "मोहरी लावून की नुसतंच?"

अख्खी खोली खदाखदा हसली. मीही हसलो, पोट धरधरून. आणि हसणाऱ्याला हुंकार भरता येत नाही हो! शेजारी नॉर्ब एकटाच मान खाली घालून हूं करत होता. ते फक्त मला ऐकू येत होतं. लाज वाटायला हवी होती, पण मला हसू आवरेना. थू माझ्यावर!

"विरोधात?"

आता हसू ओसरलं होतं. पाच-सहा जणांचा हुंकार स्वच्छ ऐकू आला.

रॉझ वैतागली. "हा काय पोरखेळ लावलाय? पुन्हा एकदा. बाजूनं?"

मी छाती भरून श्वास घेतला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून हुंकार भरला. खोलीत तो एकच आवाज. बाकीच्यांनी मसुदा उघडलाच नव्हता, त्या हलकटांनी सॉसेज तेवढं वाचलं होतं. आणि नॉर्ब? तो कागद पिशवीत भरत होता.

"वा रे डेल!" व्हर्न किंचाळला. "डुक्कर अजून जिवंत आहे!" टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली. मी हुंकार थांबवेना, तसे ते जास्तच हसायला लागले.

नॉर्बनं माझ्या दंडावर हात ठेवला.

"बस कर रे आता," तो हळूच म्हणाला. "झालं ना हसून?"