दहा काय?

तीस वर्षं मी रत्नागिरीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं आणि एककांच्या बाबतीत कुणाची भीड ठेवली नाही. कुणी उत्तर नुसतं 'दहा' लिहिलं की विचारायचो, "दहा काय? आंबे की काजू?" डावीकडे मीटर तर उजवीकडेही मीटरच यायला हवेत, नाही आले की लाल फुली. पोरं मला फुलीसर म्हणायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

निवृत्तीनंतर आरे-वारेच्या रस्त्याला जागा घेतली. तिथल्या जुन्या विहिरीची खोली बघायला केरू आला. सारा जन्म जांभ्यात विहिरी खोदलेला माणूस. मी टेप सोडवतोय तोवर त्यानं खडा टाकला, "येक, दोन" म्हटलं आणि खाली डुबुक झालं.

"चालीस हात, मास्तर."

मी टेप सोडली. साठ फूट आणि थोडं वर. म्हणजे चाळीस हातच.

"कसं काढलंस?"

"दोन दुने चार, चाराचे धापट. माज्या बापाचा हिशोब हाय."

मी कठड्यावर बसलोच. खोली म्हणजे वेळेच्या वर्गाच्या दहापट. सोळा वर्षांपूर्वी राही नावाच्या मुलीनं हेच फळ्यावर लिहिलं होतं. मी वर्गाला म्हणालो होतो, "डावीकडे लांबी, उजवीकडे नुसता वेळ. हिच्या विहिरीत पाणी नाही, सेकंद भरलेत!" उचलली जीभ लावली टाळ्याला. वर्ग खदखदून हसला. तिनं हात वर केला. "हात खाली," मी म्हणालो, "आधी एककं जुळव, मग बोल." आणि फुली मारली.

पुस्तकात त्या जागी पाच येतात, तेही नुसते नव्हे, मीटरचे. हात म्हणजे जेमतेम अर्धा मीटर. पाच मीटरचे दहा हात. तिचं एकक त्या दहाच्या पोटातच होतं. साऱ्या जगाला 'दहा काय?' विचारणाऱ्या मी तिला तेवढं विचारलं नाही.

"केरू, राही तुझी कोण?"

"पोरगी माजी. मोप हुशार व्हती. कुना मास्तरान वर्गात तिचा हसा केलान, तवा सायन्स सोडलान तिना. आता गुहागरला शालेत खिचडी शिजवते."

"तो मास्तर मीच," मी म्हणालो. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

 केरूनं लेकीला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. माफी मागायची होती, पण तोंडातून मास्तरच बोलला.

"राही, फुलीसर बोलतोय. विहिरीच्या गणितातले ते दहा... दहा काय होते गं?"

पलीकडे पातेल्यांचा आवाज थांबला.

"हात, सर," ती म्हणाली. "तेच सांगायला तर हात वर केला होता."