शेवटच्या सीटपर्यंत

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचू बिचारा निदान एकटा असतो. इथे चौघांनी मिळून अख्खा संसार एका जुन्या ट्रकच्या पाठीवर चढवला होता आणि देशाच्या या टोकापासून त्या टोकाच्या समुद्रापर्यंत निघाले होते. नवरा सुतार. ट्रकच्या हौद्यावर त्यानं स्वतःच्या हातानं लाकडी खोली उभी केली होती. भिंतीत दुमडणारं टेबल, बाकाखाली पाण्याची टाकी, एकावर एक दोन पलंग, आणि प्रत्येक कपाटाला खटका, म्हणजे वळणावर ताटल्या डोक्यात पडायला नकोत. काम देखणं झालं होतं. बायकोसुद्धा तसं म्हणायची. हल्ली मात्र मनातल्या मनात.

बायको शाळेची बस चालवायची. तेव्हा ट्रक कोण चालवणार हे ठरवायचा प्रश्नच आला नाही. नवरा स्टिअरिंग असं धरायचा की जणू रंधा मारतोय. आता पुढची केबिन आणि मागची खोली यांच्यामध्ये जायला-यायला वाट नव्हती, नुसता पत्रा. म्हणून त्यानं भंगारातून जुन्या बसची घंटा आणून बसवली. दोरी मागे, घंटा पुढे. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दोरी ओढायचा मान थोरलीचा. सात वर्षांची पोर, पण बाप तिला 'कंडक्टर' म्हणायला लागल्यापासून तिचा रुबाब काही विचारू नका. दोन टोले मारून झाले की वर एक बारकासा फुकटचा टोला मारायची, आपली सही म्हणून.

धाकटी तीन वर्षांची. तिला सगळे 'रेडिओ' म्हणत, कारण कानावर पडलेलं तोंडातून बाहेर आल्याशिवाय राहत नसे, आणि तेही जसंच्या तसं, बोलणाऱ्याच्या सुरात. मागे बसली की ओकायची, म्हणून तिची खुर्ची पुढे, आईशेजारी. थोरलीचं मात्र पाळीपाळीनं चाले. एका थांब्यापासून पुढच्या थांब्यापर्यंत आईजवळ, मग त्याच्या पुढच्या थांब्यापर्यंत बाबाजवळ. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती आपलं आपणच वाटून घ्यायची.

आणखी एक सांगायचं राहिलं. शाळेच्या बसचा एक नियम असतो. फेरी संपली की चालकानं शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचं, प्रत्येक बाकाखाली वाकून बघायचं आणि मगच उतरायचं. "झोपलेलं पोर ओ देत नाही," असं ती नव्या चालकांना शिकवायची. कितीही पाय दुखोत, ताप असो, तिनं हा नियम कधी मोडला नव्हता. या प्रवासातही दर थांब्यावरून निघताना ती ट्रकला वळसा घालून मागे जायची, दार उघडून आत डोकवायची, डोकी बघायची, दार लावायची आणि मग पुढे येऊन बसायची. नवरा हसायचा. "अगं, आपल्याला दोनच पोरं आहेत!" म्हणायचा.

मग दिराचा फोन आला आणि हसणंबिसणं सगळं संपलं.

दीर राहायचा त्या टोकाच्या शहरात, समुद्राकाठी. नवरा अंघोळीला गेला होता म्हणून फोन तिनं उचलला. "वहिनी," दीर आनंदानं म्हणाला, "खोल्या रंगवून ठेवल्यात. थोरलीच्या शाळेतही बोलून ठेवलंय. पडदे कुठल्या रंगाचे आणू सांगा."

"कसल्या खोल्या?" तिनं विचारलं.

"दादानं सांगितलं नाही? कायमचे इकडेच येताय ना?" दीर चाचरला, आणि तिला सगळं कळलं. ही सहल नव्हतीच. परत यायचंच नव्हतं. नवऱ्यानं भावाच्या कारखान्यात काम ठरवलं होतं, घर ठरवलं होतं, पोरीची शाळा ठरवली होती आणि बायकोला समुद्र दाखवला की ती आपोआप हो म्हणेल असंही परस्पर ठरवून टाकलं होतं. तिची बस, तिचा रस्ता, थांब्यावर तिची वाट बघणारी पोरं, तिची आई, सगळं मागे राहणार होतं, आणि ते मागे सोडायला गाडी चालवत कोण निघालं होतं? तीच! याला काय म्हणावं? गळा कापायच्या सुरीलासुद्धा जिचा गळा तिच्याकडूनच धार लावून घ्यावी, त्यातली गत.

तेव्हापासून अबोला. पहिल्या दिवशी भांडण तरी झालं. "सांगणारच होतो," तो म्हणाला. "कधी? पडदे लावून झाल्यावर?" ती म्हणाली. त्यानंतर दोघांनी तोंडाला कुलूप घातलं. पण चाकावरच्या घरात न बोलता कसं भागणार? पाणी संपतं, गॅस बंद करायचा असतो, कुठे वळायचं ते ठरवायचं असतं. मग सगळे निरोप थोरलीच्या गळ्यात पडले. "बाबाला सांग, टाकी भरून घे." "आईला सांग, भरलीय." "बाबाला सांग, टोपण नीट लाव म्हणावं, मागच्या वेळी गळत होतं." "आईला सांग, मला कळतं." पोर ट्रकभोवती घिरट्या घालून दमायची. निरोप नेताना त्यातले टोचणारे शब्द ती वाटेत गाळून टाकायची. "आई म्हणाली, प्लीज टोपण लाव," असं सांगायची. आईनं ते एकदा खिडकीतून ऐकलं. तिला लाज वाटली. पण माघार घ्यावी इतकी नाही वाटली, हे तिचं तिलाच ठाऊक.

आणि हो, मागे जाऊन दार उघडायचंही तिनं बंद केलं. दार उघडलं की समोर त्याचं तोंड दिसायचं. कशाला उगीच?

त्या दिवशी दुपारी ते एका पेट्रोल पंपावर थांबले. आजूबाजूला नुसतं माळरान, एक दुकान, हवा भरायचं मशीन आणि टँकरची रांग. सगळे पाय मोकळे करून आले. आई रेडिओला खुर्चीत बांधत होती, तेवढ्यात थोरली खिडकीखाली येऊन म्हणाली, "आई, मी मागे बसते." पाळी खरं तर पुढची होती, पण आईनं "बरं" म्हटलं आणि किल्ली फिरवली. थोड्या वेळानं घंटा झाली. दोन टोले, साधे. वरचा फुकटचा टोला नव्हता. तिच्या ते ध्यानात आलं, नाही असं नाही. 'त्यानंच ओढली असेल दोरी,' असं मनाशी म्हणाली आणि निघाली. उतरून मागे जायला कितीसा वेळ लागला असता?

बरंच अंतर गेल्यावर रेडिओला शी आली. रस्त्याकडेला गाडी घेऊन आईनं तिला उतरवलं, आवरलं, आणि मग मागच्या दाराजवळ नेऊन मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "ताईला सांग, टॉवेल दे म्हणावं."

"ताई, टॉवेल दे म्हणावं!" रेडिओ ओरडली.

दार उघडलं. नवऱ्याच्या हातात पॉलिश पेपर होता, अंगभर लाकडाची भुकटी. त्यानं बायकोकडे न बघता धाकटीला विचारलं, "ताई तुझ्याजवळ आहे ना पुढे?"

आईनं मान वर केली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा दोघांची नजरानजर झाली.

"तुझ्याकडे नाही?" ती म्हणाली.

"ती म्हणाली, पुढे बसते."

ती आत चढली. खालचा पलंग, वरचा पलंग, बाकाखाली, टेबलामागे, शेवटच्या कोपऱ्यापर्यंत. वाकून वाकून बघितलं. काय उपयोग? जी गोष्ट पंपावर करायची, ती आता करत होती.

फोनला रेंज नव्हती, आणि पंपाचा नंबर होता कुणाकडे? नवरा पुढे येऊन बसला, मध्ये रेडिओची खुर्ची. रस्त्याला दुभाजक, वळायला जागा मिळेपर्यंत उलट लांबच जावं लागलं. लेकरू एकीकडे आणि आपण दुसरीकडे चाललोय, हे पायानं अॅक्सिलरेटर दाबत सोसायचं, म्हणजे काय होतं ते वैऱ्यालाही कळू नये. तिच्या डोळ्यांपुढून टँकरची ती रांग हलत नव्हती. कुणी तिला गाडीत घेतलं असलं तर? ती रस्त्यावर धावत सुटली असली तर?

आणि मग दोघं बोलायला लागले. इतके दिवस तुंबलेलं सगळं एकदम फुटलं.

"बसमधल्या दुसऱ्यांच्या पोरांसाठी वाकून बघतेस आणि स्वतःची पोर विसरतेस?"

"तुझं तोंड बघायला नको म्हणून नाही आले मागे! कुणामुळे झालं हे?"

"म्हणजे हेही माझंच!"

"सगळं तुझंच! समुद्र दाखवणार होता! तू पोचलास की उतर खाली. मी मुलींना घेऊन परत जाते."

"तुझ्या हवाली करू दोघींना? आजच्यानंतर? मुळीच नाही. थोरली माझी. धाकटी तुझी. झालं!"

"ने!" ती किंचाळली. "एकदा सापडू दे, मग ने तुझी तुला!"

बोलून गेली. सापडू दे, एवढंच तिला म्हणायचं होतं. सापडू दे, मग काय वाटेल ते होऊ दे. पण शब्द असे आले, आणि नवऱ्यानंही ते जसे आले तसेच घेतले. पंप येईपर्यंत ती गाडी पळवत राहिली. रेडिओ दोघांच्या मध्ये अंगठा चोखत बसली होती.

थोरली हवेच्या मशीनशेजारी एका उलट्या क्रेटवर बसलेली होती, पाय जुळवून, हात मांडीवर. शेजारी दुकानाच्या गल्ल्यावरची बाई कमरेवर हात ठेवून उभी.

"तुमचीच का हो ही?" बाई तडकली. "किती वेळा म्हटलं आत चल, तर हलायला तयार नाही. म्हणे, इथे बसले तर आईला लांबून दिसेन. मी पोलिसांना फोन करायलाच निघाले होते. पोरं काय छत्र्या आहेत, विसरून जायला?"

आईनं आधी पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिला इतकी घट्ट धरली की पोरीला श्वास घेता येईना. बाप बाजूला उभा राहून सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत होता, आणि बाहीवरची भुकटी डोळ्यांत जात होती.

"अगं, तू मला मागे म्हणालीस आणि बाबाला पुढे म्हणालीस?" आईनं विचारलं. "का गं?"

थोरलीनं बोटांशी चाळा केला. "तुम्ही एकमेकांना विचारलं असतं, तर लगेच कळलं असतं ना. मला वाटलं, विचाराल. मी हवेच्या मशीनमागे उभी राहून बघत होते, आधी कोण विचारतं ते." मग हळूच म्हणाली, "पण घंटाच झाली. मी थोडी धावले गाडीमागे."

आईला पुढचं ऐकवेना. पण पोरीचा चेहरा एकाएकी उजळला. तिनं केबिनकडे बोट केलं. "बाबा पुढून उतरला! मी बघितलं! तुम्ही दोघं पुढे बसला होता!"

"हो," बाप म्हणाला.

"मग बोललात ना? माझ्याशिवाय बोललात ना?"

"बोललो."

"काय बोललात?"

बाप टायरकडे बघायला लागला. आईनं पोरीचे केस कानामागे सारले, एकदा, परत एकदा. काहीतरी गोड सांगायला तिनं तोंड उघडलं होतं. पोर निरोपातले काटे काढून सांगते, तर आईला तेवढं जमायला काय हरकत होती? पण केबिनचं दार उघडं होतं आणि खुर्चीत बांधलेल्या रेडिओला ताईच्या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं.

"थोरली माझी, धाकटी तुझी, झालं!" रेडिओ बापाच्या सुरात म्हणाली. आणि मग, गळा ताणून, हुबेहूब आईच्या आवाजात, "ने तुझी तुला!"

गल्ल्यावरची बाई दुकानात निघून गेली.

थोरली रडली नाही. तिनं आधी आईकडे बघितलं, मग बाबाकडे, मग ट्रकच्या पुढच्या दाराकडे आणि मागच्या दाराकडे. हे सगळं तिनं नीट, काम समजून घ्यावं तसं केलं. इतके दिवस तिनं स्वतःला पाळीपाळीनं दोघांत सारखं वाटलं होतं. आता वाटणी तिच्या माघारी होऊन गेली होती, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

"मग मी आता कुठे बसू?" तिनं विचारलं. "मागेच का? नेहमी?"

"नाही गं," आई म्हणाली. "नाही," बापही त्याच वेळी म्हणाला. नाही, म्हणजे मग काय, ते दोघांपैकी एकालाही सांगता येईना. मागून टँकरवाल्यानं हॉर्न वाजवला, गाडी बाजूला घ्या म्हणून. आईनं खिशातून किल्ली काढली. पण पोर जागची हलली नाही, क्रेटशेजारी उत्तराची वाट बघत उभीच राहिली.