शेवटचे चार आकडे

पहिला फोटो पडद्यावर आला आणि त्याने सवयीप्रमाणे शेजारची माहितीची चौकट उघडली. छपाईच्या दुकानात बारा वर्षं काढलेला माणूस फोटो नंतर बघतो. फाइल केवढी, कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, हे आधी. मास्तर त्याला यावरूनच चिडवायचे.

"तुला कुणी बाळ दाखवलं तरी तू आधी वजन विचारशील!"

मास्तर म्हणजे शाळेतले चित्रकलेचे शिक्षक आणि त्याचे जिवाभावाचे एकुलते एक मित्र. वाचनालयात त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरायचं होतं. छापायचे बारा फोटो ते सकाळीच पेन ड्राइव्हवर देऊन गेले होते.

पहिल्या फोटोत मास्तरांची आई खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती. चौकटीत लेन्स दिसत होती पंच्याऐंशी मिलिमीटरची. आता मास्तरांकडे तर पन्नासची एकच लेन्स. त्याने खालची ओळ वाचली. तिथे लेन्सचा क्रमांक होता, आणि त्याचे शेवटचे चार आकडे वाचून त्याचा हात माउसवरच राहिला.

ते आकडे त्याने झोपेतून उठवलं तरी सांगितले असते. तीन वर्षं त्याच्या मोबाइलचं कुलूप त्याच आकड्यांनी उघडत होतं. "लोक मुलांचे वाढदिवस ठेवतात," बायको एकदा म्हणाली होती, "आमच्याकडे लेन्सचा जन्मदाखला."

वेडच होतं ते, दुसरं काय! कपाटात नऊ लेन्स, तीन कॅमेरे, आणि फोटो म्हणाल तर कुंड्यांचे आणि समोरच्या भिंतीचे. नवी लेन्स आली की भिंतीवर रोखून बघायची, कडा किती स्वच्छ येतात ते. पार्सलं दुकानाच्या पत्त्यावर मागवायची आणि डब्याच्या पिशवीतून घरी न्यायची. एक दिवस बायकोने डबा घासायला काढला आणि हाताला लागली लेन्स. तिने आदळआपट केली नाही. "तुला काय घ्यायचं ते घे," एवढंच म्हणाली, "पण माझ्याशी खोटं बोलू नकोस रे. मला ते नाही सहन होत." तो त्या दिवशी लहान मुलासारखा रडला होता.

मग मास्तरांनी उपासाची टूम काढली. नाव त्यांचंच. वर्षभर दोघांनी एकेकच कॅमेरा आणि पन्नासची एकेकच लेन्स ठेवायची, नवीन काही घ्यायचं नाही, बाकीचं विकून टाकायचं. फार तलफ आली की तो फोन करायचा, "मास्तर, पोटात कावळे ओरडतायत." मास्तर म्हणायचे, "पाणी पी आणि गच्चीत जाऊन ये."

सगळं विकलं गेलं, पंच्याऐंशीची तेवढी हातातून सुटेना. ती मास्तर घेऊन गेले. आठवड्याने म्हणाले, "एका मुलीने घेतली. बाहेरगावची आहे, कॉलेजात शिकते. डोळे भरून आले बघ तिचे."

त्याला फार बरं वाटलं होतं. दर रविवारी तो विचारायचा, आपली मुलगी काय काढते हल्ली? मास्तर सांगायचे, आजीचे फोटो काढते. तिच्यासाठी म्हणून त्याने उजेड कसा बघायचा याच्या चार गोष्टी कागदावर लिहून मास्तरांकडे दिल्या होत्या. अकरा महिने त्याने उपास काढला तो अर्धा तिच्या भरवशावर.

त्याने बाराही फोटो तपासले. सात फोटोंवर तेच आकडे होते. मग त्याने पहिला छापायला घेतला. मास्तरांच्या आईचा चेहरा जरा काळवंडला होता, तो उजळला. फोटो अप्रतिम होता. त्याच लेन्समधून त्याला तीन वर्षांत असं एकदाही दिसलं नव्हतं, आणि त्या गोष्टीचाच त्याला जास्त राग आला.

दुपारी मास्तर आले. छापलेला फोटो त्यांनी हातभर लांब धरला.

"वा! आई खूश होणार."

"मुलगी कशी आहे, मास्तर?"

"कोण?"

त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला आणि आकड्यांवर बोट ठेवलं. मास्तरांना आधी कळेना. प्रत्येक फोटोत हे असं लिहिलं जातं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. कळलं तेव्हा ते समोरच्या स्टुलावर बसले.

"विकायलाच नेली होती रे. कॅमेऱ्याच्या दुकानात द्यायच्या आधी एकदा लावून बघितली. मग नाही देववली. पैसे तुला पूर्ण दिले ना?"

"घेतली असती तर घेतली म्हणायचं होतं! उपास तुमचाच होता. आणि ती मुलगी कशाला काढली?"

मास्तर चष्मा पुसत राहिले.

"मी तुला सांगणारच होतो. वहिनींना विचारायला गेलो, तर त्या म्हणाल्या, तुमच्याकडे आहे म्हटलं तर हा रोज येऊन बसेल. दुकानात आहे म्हटलं तर दुसऱ्या दिवशी परत घेऊन येईल. मुलीने घेतली म्हणून सांगा. लेकराच्या हातातलं तो काढून घ्यायचा नाही."

हे खरंच होतं. त्याने काढून घेतलं नसतंच.

"आजीचे फोटो?"

"तेही त्याच म्हणाल्या. मला कुठलं सुचायला! लेन्स तूच ठेव, उद्या आणून देतो."

"नको मला." त्याने माहितीची चौकट बंद केली. "घरी तिला फोन करू नका, मास्तर. एवढं तरी करा. मला तिच्या तोंडून ऐकायचंय."

"नाही करत. आईशप्पथ."

उरलेले अकरा फोटो त्याने नीट छापले, मध्ये पातळ कागद घालून बांधून दिले. येत्या रविवारी आपण येणार नाही, असं सांगितलं. मास्तरांनी मान हलवली आणि गठ्ठा छातीशी धरून ते गेले.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको इस्त्री करत होती. त्याने चपला काढल्या, तोंडावर पाणी मारलं, खुर्ची ओढून तिच्या जवळ बसला. तिचा चेहरा रोजच्यासारखाच होता, थकलेला आणि त्याला बघून जरा सैलावलेला. हिने आत्ता नुसतं 'एक सांगायचंय' म्हणावं, त्याच्या मनात आलं. तेवढ्यावर सगळं सोडून दिलं असतं त्याने.

"मास्तर आले होते दुकानात."

"हो का? प्रदर्शनाचं झालं का?"

"झालं. त्या मुलीचा विषय निघाला. लेन्सवाल्या." तो थांबला. "बऱ्याच दिवसांत तिचं काही कळलं नाही, नाही?"

बायकोने त्याच्या शर्टाची कॉलर पालथी केली, पाण्याचा हबका मारला आणि त्याच्याकडे बघून हसली. ते हसणं मायेचं होतं, खोटं अजिबात नव्हतं.

"अरे, परीक्षा आहे ना तिची," ती म्हणाली. "शेवटचं वर्ष. आजी आता फोटो काढूच देत नाही म्हणे."