आवाज अडवणारं दार

मिस्त्रींनी साहेबांच्या खोलीला आवाज अडवणारं दार बसवलं. चौकटीला चहूबाजूंनी रबरी पट्टी, जमिनीखाली रबराची जाड चादर. आठ दिवस ते खपले होते. आता साहेबांची सही तेवढी हवी होती. काम नापास झालं, तर दारासकट जमीन उखडायची.

साहेबांनी आत जाऊन घसा ताणून भाषण ठोकलं. मिस्त्री बाहेर दाराला कान लावून उभे होते; त्यांना हूं की चूं ऐकू आलं नाही.

साहेब बाहेर आले आणि कचेरीतल्या मंडळींना विचारलं, "काय हो, ऐकू आलं?"

साहेब बोलले आणि ऐकू आलं नाही, असं त्या कचेरीत आजवर कुणी म्हटलं नव्हतं. "शब्द न् शब्द, साहेब!" हेडक्लार्क उभे राहून म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

"मिस्त्री, उखडा हे दार!"

मिस्त्री घाईनं पुढे झाले. "साहेब, परत एकदा आत चला. मीही येतो. पण या खेपेला तोंडातून ब्र काढायचा नाही."

दोघं आत पाच मिनिटं मुकाट बसून बाहेर आले.

"आता?"

"मघापेक्षा सरस, साहेब! शेवटचा मुद्दा तर काळजाला भिडला," हेडक्लार्क म्हणाले. टायपिस्ट बाईंनी डोळे पुसले.

साहेबांनी सही केली. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. ते हत्यारं गोळा करू लागले, तेव्हा साहेब शेजारी येऊन हळूच म्हणाले, "बारा वर्षं यांच्याशी बोलतोय हो मी. तेव्हा तर दारही नव्हतं."